दान न कोरलेला ताम्रपट

बालाघाट जिल्ह्याच्या रानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाच ताम्रपत्रे सापडली. वाकाटक राजा दुसरा पृथ्वीषेण याच्या काळातली ती पत्रे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षे संस्कृत शिकवून जर्मनीला परतलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी ती वाचली आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात त्यांचा पाठ छापून आला. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या सगळ्या कोरीव लेखांचा संग्रह सिद्ध केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातही हा लेख आहे. बुडालेल्या कुळाला पृथ्वीषेणाने वर काढले, ही नोंद त्यात मिळते म्हणून इतिहासकारांना तो मोलाचा वाटतो. पण ताम्रपट म्हणून तो अपुरा आहे. वंशावळ येते, राजाचे वर्णन येते आणि लेख तिथेच थांबतो. कोणते गाव दिले, कोणाला दिले, हे सांगणारा भाग कोरलेलाच नाही. बालाघाट आणि विद्यापीठे यांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा संबंध याच लेखासारखा आहे, असे माझे म्हणणे आहे. या जिल्ह्याने विद्येला खनिज दिले, शब्द दिले, शिलालेख दिले, भाताचे वाण दिले आणि त्याचे नाव ग्रंथांत कोरले गेले. मात्र विद्येच्या घरातल्या नोकऱ्या, प्राध्यापकपदापासून प्रयोगशाळा परिचरापर्यंत, इथल्या माणसांपर्यंत कशा पोचाव्यात, हा भाग कोणी लिहिला नाही. त्याचे कारण लोकांच्या कुवतीत किंवा गावाच्या आडवळणी असण्यात शोधले जाते. ते खरे तर सीमा, भाषा आणि कागद यांच्या इतिहासात आहे.

आधी बालाघाटने काय दिले ते पाहू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लुईस ली फर्मोर यांनी मध्य प्रांतातला मँगनीजचा पट्टा पायांखाली घातला. १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा त्यांचा विस्तृत ग्रंथ खात्याने प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्‌झ यांच्या एका खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते इथल्या गोंडांवरून. बालाघाट शहराला लागून असलेली भरवेलीची भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत मोठ्या मँगनीज खाणींत गणली जाते. उकवा आणि तिरोडी याच जिल्ह्यातल्या. त्याच सुमारास जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. वैनगंगेच्या खोऱ्यातली मराठी, पोवारी, गोंडी या बोलींचे नमुने त्या सर्वेक्षणात नोंदले गेले. १९०७ मध्ये सी. ई. लो यांनी बालाघाटचे गॅझेटियर तयार केले, १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचे चार खंड आले, १९३९ मध्ये व्हेरिअर एल्विन यांचा बैगांवरचा ग्रंथ आला. या प्रत्येक कामात स्थानिक माणसे होती. कोणी जंगलातली वाट दाखवली, कोणी नमुने डोक्यावर वाहिले, कोणी गोष्टी आणि शब्द सांगितले, कोणी दुभाष्याचे काम केले. ती ज्ञानाच्या कामावर होती, पण ज्ञानसंस्थेच्या हजेरीपटावर नव्हती. काम संपले की त्यांचा संबंधही संपत असे. हिरालाल हे याच प्रांतातले, मुडवाऱ्याचे. पण तेही सरकारी नोकरीतल्या अधिकारावर अभ्यास करू शकले, विद्यापीठातल्या पदावर नव्हे. कारण प्रांताला तेव्हा स्वतःचे विद्यापीठच नव्हते.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. प्रशासनाच्या दृष्टीने तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेचा गोंदिया ते जबलपूर हा छोट्या रुळांचा मार्ग बालाघाटवरून गेला आणि जिल्ह्याचा दक्षिणेकडचा ओढा आणखी पक्का झाला. बालाघाटहून गोंदिया सुमारे ४० किलोमीटर, तिथून मुख्य मार्गाने नागपूर. या नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले होते. ती दोन्ही आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे शिकवणी नागपुरात, अभ्यासक्रम आणि पदवी दूरच्या शहराची. वरच्या जागांचे सूत्र त्याहूनही लांब होते. इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमधल्या प्राध्यापकांच्या नेमणुका लंडनहून भारतमंत्र्यांच्या कार्यालयातून होत आणि त्यांत बहुसंख्य इंग्रज असत. भारतीय माणसांना प्रामुख्याने प्रांतिक सेवेतली, कमी पगाराची जागा मिळे. ही भरती १९२४ नंतर थांबली. त्याच्या आदल्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी, एवढाच त्याचा आरंभीचा पसारा होता. पण या घटनेचा अर्थ पसाऱ्यात मोजता येत नाही. परीक्षा घेणारे, प्रश्नपत्रिका काढणारे, कारकून, ग्रंथपाल, कुलसचिव, प्रयोगशाळेतले मदतनीस ही सगळी पदे पहिल्यांदाच प्रांताच्या आत निर्माण झाली. विद्यापीठ म्हणजे केवळ पदव्या देणारी संस्था नसते, ती नोकऱ्या देणारीही संस्था असते. मध्य प्रांताला ते दुसरे रूप १९२३ पासून पाहायला मिळाले.

या विद्यापीठाच्या उभारणीत मँगनीजच्या पैशाचाही मोठा वाटा होता. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या खनिजपट्ट्याच्या व्यवसायातून आलेल्या संपत्तीचे हे विद्येत झालेले रूपांतर होते. खाणीतल्या मजुराच्या श्रमाचा अंश त्या प्रयोगशाळांच्या भिंतींत आहे, हे म्हणणे भावनेचे नाही, हिशोबाचे आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. ज्या पट्ट्याच्या धनातून प्रयोगशाळा झाल्या, त्या पट्ट्यातल्या माणसाला तिथे नोकरी मिळण्याची वाट कशी होती? कागदावर ती मोकळी होती. बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात, राजधानी तीच, वर्तमानपत्रे तिथलीच. १९११ पासून निघणारे ‘हितवाद’ आणि मराठी पत्रे जिथे पोचत तिथे जागांची बातमी पोचे. बातमी कळली की अर्ज करता येई, आणि अर्ज करणाऱ्याला आपण परप्रांतीय आहोत हे सिद्ध किंवा असिद्ध करावे लागत नसे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. तो काळ काही सुवर्णयुग नव्हता. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे बंगालमधून येऊन नागपुरात स्थायिक झालेले कायदेपंडित होते. मिराशी कोकणातले. महाविद्यालयांतल्या जागांवर मराठी, बंगाली आणि हिंदी भाषक उच्चवर्णीय शहरी कुटुंबांचे प्राबल्य होते. बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनी किंवा लांजीच्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा, बैहरच्या गोंडाची मुलगी तिथवर पोचण्याआधीच शाळेची वाट संपत असे. हे सगळे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नीट तपासायला हवा. त्या काळी अडथळा शिक्षणाच्या अभावाचा, जातीचा आणि गरिबीचा होता. शाळा वाढल्या, शिष्यवृत्त्या आल्या, राज्यघटनेने राखीव जागा दिल्या, की तो कमी होणार होता आणि बऱ्याच अंशी झालाही. म्हणजे बालाघाटातली पहिली शिकलेली पिढी विद्यापीठाच्या दाराशी पोचण्याजोगी होत होती, नेमक्या त्याच वेळी ते दार दुसऱ्या राज्यात गेले. नागपुरातली संधी बालाघाटने उपभोगली आणि मग गमावली, असा हा इतिहास नाही. संधी पिकायच्या आतच शेताची वाटणी झाली.

वाटणीचे टप्पे लक्षात घेण्यासारखे आहेत. सागरचे डॉ. हरिसिंह गौर हिस्लॉप कॉलेजात शिकले, केंब्रिजला गेले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि स्वतःच्या कमाईतून त्यांनी १९४६ साली सागर विद्यापीठ स्थापन केले. प्रांताचा हिंदी भाषक भाग तिकडे वळू लागला. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मध्य प्रांताचे बनलेले मध्य प्रदेश हे द्विभाषिक राज्य होते. १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा राज्यकारभाराच्या ठरल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट, छिंदवाडा आणि बैतूल हे लक्षणीय मराठी वस्ती असलेले जिल्हे नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि १९५७ च्या कायद्याने राज्याची भाषा हिंदी झाली. जबलपूर विद्यापीठ १९५६ मध्येच स्थापन झाले होते आणि कालांतराने बालाघाटची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. जबलपूरला जायला तेव्हा सातपुड्याचा घाट आणि छोट्या रुळांची संथ गाडी होती, तर गोंदिया हाकेच्या अंतरावर. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा बालाघाटच्या उंबऱ्यावर उच्च शिक्षण आले, पण ते पलीकडच्या राज्याचे. खनिजाच्या बाबतीत मात्र सीमा आडवी आली नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या मँगनीज ओअर इंडिया कंपनीचे मुख्यालय नागपुरात राहिले आणि भरवेलीचे मँगनीज तिथूनच सांभाळले गेले. खाणकामाच्या ज्ञानाचे सरकारी केंद्र, भारतीय खाण ब्यूरो, तेही नागपुरातच. धातूला जी मुभा मिळाली ती माणसाला मिळाली नाही.

सीमा नकाशावर एक रेघ असते. नोकरी शोधणाऱ्याच्या पिशवीत ती चार-पाच कागदांच्या रूपात असते. पहिला कागद रहिवासाचा. मध्य प्रदेशात त्याला मूल निवासी प्रमाणपत्र म्हणतात, महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्र. घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने केवळ जन्मस्थान किंवा रहिवास यांवरून सरकारी नोकरी नाकारण्यास मनाई केली आहे आणि तशी अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला आहे. पण राखीव जागा, महिलांसाठीच्या जागा आणि वयातल्या सवलती रहिवासाशी बांधल्या गेल्या, त्यामुळे नाकारण्याची गरजच उरली नाही. दुसरा कागद जातीचा. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या घटनेच्या ३४१ आणि ३४२ व्या अनुच्छेदांनुसार राज्यनिहाय आहेत. एका राज्यातला माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तिथे तो लाभ त्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात १९९० साली सांगितले. बैहरचा गोंड आणि सीमेपलीकडच्या देवरीचा गोंड एकाच बोलीत बोलतात, एकमेकांत सोयरीक करतात. पण गोंदियातल्या महाविद्यालयाच्या बिंदुनामावलीत, म्हणजे राखीव जागांच्या क्रमवारीत, बैहरचा उमेदवार खुल्या गटात मोजला जातो. तिसरा कागद पात्रतेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, देशभर चालते. राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे सेट, १ जून २००२ पासून फक्त त्या त्या राज्यापुरती उरली. पुण्याच्या विद्यापीठातर्फे होणारी सेट महाराष्ट्र आणि गोव्यात चालते, मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची सेट मध्य प्रदेशात. नागपुरात एम. ए. करून तिथली सेट उत्तीर्ण झालेली बालाघाटची मुलगी आपल्याच गावच्या सरकारी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदासाठी अपात्र ठरू शकते. यातला प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर त्यामागे काही कारण आहे. सगळे एकत्र आले की सीमेवरच्या माणसाभोवती कुंपण होते.

कुंपणात भाषेचीही तार आहे, आणि ती केवळ मराठी-हिंदीची नाही. विद्यापीठीय कारभाराचा शब्दकोशच दोन राज्यांत वेगळा झाला. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल आणि कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा प्रत्यक्ष प्रमुख. मध्य प्रदेशात कुलाधिपती म्हणजे राज्यपाल आणि कुलपती म्हणजे प्रत्यक्ष प्रमुख, असे २०२४ पर्यंत चालले. त्या वर्षी तिथेही कुलगुरू हा शब्द आला. एकाच शब्दाने दोन वेगळ्या अधिकाऱ्यांना ओळखले जात असे, तेव्हा अर्ज कोणाच्या नावे करायचा इथपासून घोटाळा सुरू होई. शिपायाला मध्य प्रदेशात भृत्य म्हणतात. तात्पुरत्या अध्यापकाला मध्य प्रदेशात अतिथी विद्वान म्हणतात, महाराष्ट्रात तो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो. नावे वेगळी, स्थिती सारखी. कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि पीएच. डी. झालेली माणसे तासांच्या किंवा दिवसांच्या हिशोबाने शिकवत राहतात. मध्य प्रदेशात सहायक प्राध्यापकांच्या थेट भरतीची जाहिरात २०१७ मध्ये निघाली, तीही फार मोठ्या खंडानंतर. अशा व्यवस्थेत सीमेवरच्या उमेदवाराचे नुकसान दुहेरी होते. कायम नोकरी दोन्हीकडे दुर्मीळ असते. तात्पुरती नोकरी ओळखीने, जवळच्या माणसाकडून कळलेल्या बातमीने मिळते आणि ओळखींचे जाळे सीमेपाशी तुटलेले असते.

यावर कोणी म्हणेल की हे गाऱ्हाणे आता जुने झाले. नेट राष्ट्रीय आहे, केंद्रीय विद्यापीठे सर्वांना खुली आहेत. सागरचे विद्यापीठ २००९ मध्ये केंद्रीय झाले, अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाले, वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. जाहिराती आता मोबाइलवर दिसतात, अर्जही तिथूनच भरता येतो. ज्याच्यात गुण आहेत तो बालाघाटहून कुठेही जाऊ शकतो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि १९७६ साली ‘रोजगार समाचार’ साप्ताहिक निघाले तेव्हापासून बातमीचा पल्ला वाढतच गेला आहे. पण बातमी मिळणे आणि बातमीचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिंदुनामावलीतली जागा खरोखर रिकामी आहे की न्यायालयात अडकली आहे, शोधनिबंध कोणत्या नियतकालिकात असला तर त्याला गुण मिळतात, अनुभवाचा दाखला कोणाच्या सहीचा लागतो, मुलाखतीआधी छाननीत काय पाहतात, हे जाहिरातीत नसते. ते विद्यापीठाच्या आवारात वावरणाऱ्यांना ठाऊक असते. ज्या घरात, ज्या गावात आधीच कोणी विद्यापीठात काम करतो, तिथे हे ज्ञान जेवताना बोलण्यातून मिळते. गुणवत्ता प्रवास करू शकते, हे मान्य. पण प्रवासाची शिदोरी गुणवत्तेतून येत नाही, ती सहवासातून येते. बालाघाटला सहवास मिळाला नाही, कारण २०११ च्या जनगणनेत १७ लाख लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात आजवर एकही सरकारी विद्यापीठ झाले नाही.

म्हणूनच या चर्चेत अध्यापकांच्या जागांइतकेच महत्त्व शिक्षकेतर जागांना द्यायला हवे. विद्यापीठाचा विचार करताना आपण प्राध्यापकांपाशी थांबतो, आणि लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, शेतमजूर, शेतनिरीक्षक, वीजतंत्री, वसतिगृहाच्या अधीक्षिका, लेखापाल यांना किरकोळ समजतो. इतिहास वेगळे सांगतो. प्राध्यापकाची नोकरी नेहमीच दूरच्यांसाठीही होती. बोस बंगालचे, मिराशी कोकणचे, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुखपद भूषवून पुढे सागर विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग उभा करणारे विल्यम डिक्सन वेस्ट तर इंग्लंडचे. या वेस्टसाहेबांनी नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या खडकांचा अभ्यास केला होता आणि उरलेले आयुष्य सागरला घालवले. विद्वान असेच यावेत. शिक्षकेतर नोकरी मात्र स्वभावानेच जवळच्या माणसाची असते. पगार लहान, त्यामुळे तिच्यासाठी कोणी चारशे किलोमीटर दूर बिऱ्हाड करत नाही. ज्या गावात विद्यापीठ, त्या गावाला आणि पंचक्रोशीला ती मिळते. आणि तिचा खरा लाभ पुढच्या पिढीत दिसतो. परिचराचा मुलगा प्रयोगशाळा पाहत वाढतो, ग्रंथालयातल्या लिपिकाच्या मुलीला कपाटे परकी वाटत नाहीत. नागपूर, सागर, जबलपूर या शहरांत दोन-तीन पिढ्यांत जो अध्यापकवर्ग घडला, त्याच्या मुळाशी विद्यापीठाच्या आसपास जगण्याची ही सवय आहे. २०११ च्या जनगणनेत बालाघाटात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशात हे प्रमाण सर्वाधिक होते. घरापासून जवळ, मानाची, नियमित पगाराची नोकरी स्त्रियांसाठी काय असते हे वेगळे सांगायला नको. या शिक्षकेतर जागा आता कंत्राटी पद्धतीने आणि बाहेरच्या संस्थांमार्फत भरल्या जातात, तेव्हा नुसते वेतन कमी होत नाही; विद्येच्या घराशी गावाचे जडणारे नातेच तोडले जाते.

दुसरा गंभीर आक्षेप विद्यापीठाच्या बाजूने येतो. संशोधन करणारे विद्यापीठ ही रोजगार हमीची योजना नव्हे. स्थानिकांना प्राधान्य दिले की संस्था संकुचित होते, आपल्याच विद्यार्थ्यांना आपणच नेमायचे दुष्टचक्र सुरू होते, आणि शेवटी तिथे ना संशोधन उरते ना प्रतिष्ठा. अध्यापकांच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वर दिलेली नावेच त्याची साक्ष आहेत. बाहेरून आलेल्या माणसांनी या प्रांताची विद्या मोठी केली. माझे म्हणणे अध्यापकपदे बालाघाटच्या लोकांसाठी राखून ठेवावीत असे नाही. सीमेने घातलेली आडकाठी काढावी, एवढेच आहे. एका राज्याची सेट लगतच्या राज्यातल्या सीमावर्ती महाविद्यालयांत ग्राह्य धरली तर गुणवत्तेचे काहीच बिघडत नाही. उलट उमेदवारांचा घोळका मोठा होऊन निवड कसदार होते. कुंपण हाच खरा स्थानिकवाद आहे, आणि ते काढणे ही गुणवत्तेचीच मागणी आहे. शिक्षकेतर जागांबाबत तर स्थानिक असणे हाच गुण ठरतो. खाणीतल्या खडकाचे थर ओळखणारा नमुना-संकलक, बैगा आणि गोंड वस्त्यांत विश्वासाने जाणारा क्षेत्र सहायक, चिन्नोर भाताची ओंबी पाहून वाण सांगणारा शेतनिरीक्षक, हे संशोधनाचे ओझे नाहीत, आधार आहेत. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या ज्ञानाशिवाय कोणत्याही कृषी विद्यापीठाला तो दावा मांडता आला नसता. मध्य प्रदेश सरकारने बैगा, भारिया आणि सहारिया या जमातींसाठी तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या सरकारी नोकऱ्यांत थेट नेमणुकीची वाट आधीच मोकळी केलेली आहे. तेच तत्त्व विद्यापीठांच्या क्षेत्रकेंद्रांना लावणे काही अघटित नाही.

२०१९ मध्ये छिंदवाडा विद्यापीठ स्थापन झाले; आता ते राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. छिंदवाडा, बैतूल, शिवनी आणि बालाघाट हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. १९५६ मध्ये नागपूरपासून तुटलेले तिन्ही मराठी वस्तीचे जिल्हे त्यामुळे एका विद्यापीठात एकत्र आले. वारासिवनीजवळ मुरझडला जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचे महाविद्यालय आहे. शहरात जटाशंकर त्रिवेदी महाविद्यालय आणि कमला नेहरू कन्या महाविद्यालय आहे. साहित्य जमलेले आहे. प्रश्न ते कशासाठी वापरायचे हा आहे. नवे विद्यापीठ परीक्षांचे कार्यालय होऊन राहिले, तर बालाघाटला फक्त गुणपत्रिकेवरचा शिक्का बदलून मिळेल. भरवेलीच्या तोंडाशी भूविज्ञानाचे, बैहरला गोंडी आणि बैगा संस्कृतीच्या अभ्यासाचे, वैनगंगेच्या काठी भातशेतीचे कायमस्वरूपी केंद्र उभे राहिले, आणि प्रत्येकात अध्यापकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची मंजूर पदे असली, तर शंभर वर्षांनी का होईना, पुरवठ्याची परतफेड सुरू होईल.

‘मंजूर पद’ हा शब्द इथे मी मुद्दाम वापरतो आहे. जुन्या ताम्रपटांत दान म्हणजे दयेने पुढे केलेली ओंजळ नसे. घेणाऱ्याचे नाव, त्याचे गोत्र, दिलेल्या गावाचे नाव, करांतून सूट, आणि पुढच्या राजांनी हे मोडू नये अशी बजावणी, असा तो पक्का हक्कलेख असे. आजच्या कारभारात मंजूर पदाचा आदेश तेच काम करतो. पदाचे नाव, संख्या, वेतनश्रेणी, ठिकाण आणि नेमणुकीचा अधिकार त्यात लिहिलेला असतो; तो एकदा निघाला की मंत्री बदलला, कुलगुरू बदलले तरी पद राहते. बालाघाटची वंशावळ आजवर अनेकांनी कोरली. कीलहॉर्न, फर्मोर, ग्रिअर्सन, हिरालाल, एल्विन, मिराशी यांच्या ग्रंथांत ती शाबूत आहे आणि त्या सगळ्यांचे ऋण या जिल्ह्यावर आहे. पण लेखाचा उरलेला भाग, म्हणजे कोणाला, कुठे आणि किती, हा विद्वानांनी लिहायचा नसतो. तो राज्याने लिहायचा असतो, आणि राज्याला तो लिहायला लावणे हे तिथे राहणाऱ्या लोकांचे काम असते.